सूर्यपुरातील ब्रोकोली

सुरतेचे जुने नाव सूर्यपूर होते असे येथील वृद्ध मंडळी सांगतात. ज्या नदीच्या काठी हे शहर वसले ती तापी तर पुराणांच्या मते साक्षात सूर्याची कन्या. आषाढ शुद्ध सप्तमीस येथे तिचा जन्मोत्सव होतो आणि भाविक तिला चुनरी अर्पण करतात. बापलेकींच्या अशा या राज्यात, जिला थंडी प्राणापलीकडे प्रिय ती भाजी परसात लावावी असे आमच्या मनात यावे, हे धाडसच म्हणावयाचे. शेजाऱ्यांनी त्यास याहून सौम्य शब्द वापरला नाही.

निमित्त अगदी साधे होते. दिवाळीस पुण्याहून आलेल्या पुतणीने फराळाच्या डब्यांबरोबर बियांचे एक पाकीट आणले. पुणे-नाशिककडे ब्रोकोली आता शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. तिकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली सहज उतरतो. सुरतेचे तसे नाही. येथे जानेवारीच्या पहाटे फार तर पंधराच्या आसपास, आणि त्याच दिवशी दुपारी तीस. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, पारा पुन्हा पस्तीस-छत्तीसवर चढतो आणि समुद्र जवळ असल्याने हवा दमट ती दमटच. येथील लोक हिवाळा अंगावरच्या शालीने ओळखत नाहीत, तर पोंकावरून ओळखतात. पोंक म्हणजे आपला हुरडा. नदीकाठी अडाजणच्या बाजूस त्याचे मांडव पडले, भट्ट्या धुमसू लागल्या आणि लिंबू-मिरीची शेव त्याच्या जोडीस पानावर आली, की सुरतेत थंडी आली असे समजावे. १९०७ च्या डिसेंबरात लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी येथे आले, तेव्हाही पोंकाचेच दिवस होते. पण त्या मांडवात भाजले गेले ते निराळेच.

आमचे घर अडाजणमध्ये, तापीच्या उजव्या तीरावर. मागील दारी बारा फूट लांब व पाच फूट रुंद असा एकच वाफा आहे. त्याच्या मातीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मूळची भुई काळी, कापसाची. पावसात चिकट लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांची. २००६ च्या ऑगस्टात उकाईच्या धरणातून पाणी सुटले व शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा आम्ही चार दिवस माडीवर होतो. पाणी ओसरले तेव्हा तळमजल्यावर व परसात वीतभर गाळ बसला होता. घरातला गाळ फावड्यांनी ओढून काढला, परसातला तसाच राहू दिला. आईने त्या दिवसांतही तो चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘‘ही आपल्या भुसावळकडचीच माती आहे.’’ खरे आहे. भुसावळच्या पुलाखालून जे पाणी वाहते तेच खानदेश ओलांडून आमच्या दारापुढून समुद्रास जाते. आमच्यासारखी कितीतरी खानदेशी कुटुंबे उधना-जळगाव लोहमार्गाने येथे आली. ही माती नदीच्या वाटेने आली, इतकाच फरक.

त्या वाफ्यावर आईचा पापडीचा मांडव होता. सुरतेबाहेरच्या वाचकांस पापडी म्हणजे वालाची एक शेंग एवढेच ठाऊक असेल. सुरतकराच्या लेखी ती तेवढीच नाही. उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीस, घरोघर उंधियो शिजतो. सुरतेचा उंधियो हिरवा: कोथिंबीर, लसणाची कोवळी पात, कंद, रताळे, मेथीची मुटकुळी आणि या साऱ्यांना धरून ठेवणारी पापडी. त्यातही नाव घ्यावयाचे ते कतारगामच्या पापडीचे. कतारगाम आता हिऱ्यांच्या कारखान्यांनी भरून गेले आहे. जेथे वेल चढत तेथे आज दिव्याखाली माना वाकवून माणसे हिरे घासतात. बाजारात मात्र विक्रेता अजून ‘कतारगामनी पापडी’ अशीच आरोळी देतो. आई लग्न होऊन यावलहून येथे आली तेव्हा कतारगामास शेते होती. तेथील एका शेतकरणीकडून तिने ओंजळभर बी आणले आणि तेव्हापासून दरसाल थोड्या शेंगा वेलावरच वाळवून ती ते राखीत आली. बी ठेवावयाची चिनी मातीची बरणी, त्यात चुलीची चाळलेली राख, वर फडके. गॅस आल्यावरही राखेसाठी म्हणून ती वर्षातून एकदा परसात लाकडे जाळते.

या मांडवाचा अर्धा भाग आम्ही ब्रोकोलीसाठी मागितला. आईने दिला. काही बोलली नाही.

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात ऑगस्टच्या मध्यासच बी पेरले. ब्रोकोलीचे बी मोहरीसारखे, एका ग्रॅमात साधारण तीनशे दाणे. उगवण्यास त्याला उष्णता मुळीच वाईट नाही. पाचव्या दिवशी रोपे वर आली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांस बोलावून दाखविली. सप्टेंबरात बारा रोपे दीड-दीड फुटावर लावली. ती अशी वाढली की पाने हत्तीच्या कानांएवढी झाली. नोव्हेंबर उजाडला, मध्यभागी गड्डा धरू लागला, आणि तो काय म्हणावा? कोठे बारीक कळ्या, कोठे जाड, मध्येच खड्डा, आणि त्यांतून डोके वर काढणारी लहान लहान पाने. काही कळ्या तांबूस पडून गळाल्या. आमच्या गृहिणीने तो गड्डा हातात फिरवून विचारले, ‘‘हा उंदरांनी खाल्ला का?’’

कारण पुढे वाचनात आले. आपण फ्लॉवरचा जो पांढरा गड्डा खातो त्यात कळ्या अजून झालेल्याच नसतात. ब्रोकोलीत आपण प्रत्यक्ष कळ्याच खातो, फुलण्याच्या थोडे आधी. खोडाचा शेंडा जेव्हा पाने देण्याचे थांबवून कळ्या देण्याकडे वळतो, तो काळ मोठा नाजूक. त्या वेळी गड्डा पानांच्या गर्भात मोहरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा असतो, बाहेरून कोणाला दिसतही नाही. त्याच सुमारास आठवडाभर पारा पस्तिसाच्या घरात राहिला तर काही कळ्या वाढतात, काही जागच्या जागी थांबतात, आणि महिन्याभराने जे वेडेवाकडे रूप आपणांस दिसते ते तेव्हाच ठरून गेलेले असते. गड्डा डोळ्यांना दिसू लागल्यावर सावली करून उपयोग नाही. आमची रोपे त्या नाजूक वळणावर आली ती नेमकी ऑक्टोबरच्या उन्हात. दोष बियांचा नव्हता, पंचांगाचा होता.

त्या हिवाळ्यात, मन रमविण्यासाठी म्हणा, आम्ही एका रविवारी नदी ओलांडून कतारगाम दरवाज्यास गेलो. तेथे डच लोकांचे जुने कबरस्तान आहे. वाहनांच्या गर्दीतून आत शिरल्यावर एकाएकी घुमटांचे एक छोटे नगरच समोर येते. त्यांतील सर्वांत भव्य इमारत, दुमजली, खांबांवर घुमट पेललेली, हेंड्रिक फान रीड याची. हा मलबारात डच कंपनीचा कारभारी होता. १६९१ च्या डिसेंबरात समुद्रप्रवासात मरण पावला आणि त्याचा देह सुरतेस आणून पुरला. सुरत पाहावयास येणारा मराठी माणूस बहुधा १६६४ आणि १६७० या दोनच सालांची चौकशी करतो (आणि आमचे गुजराती स्नेही त्यावरून आमची थट्टा करावयास चुकत नाहीत). या थडग्याकडे कोणी फिरकत नाही. पण ज्याने परसात एक तरी रोप लावले आहे त्याने येथे यावे. कारण याच माणसाने मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने गोळा करवून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ पासून तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. शेवटचा खंड १६९३ साली, म्हणजे तो गेल्यावर निघाला. मजकूर खरा आहे अशी ग्वाही देणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे कोकणी भाषेतील निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांत उमटले आहे. नागरी लिपी छापील पुस्तकात येण्याचे हे फार जुने उदाहरण. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वैद्यांचे अक्षर हॉलंडात छापले जाते आणि ते छापविणारा सुरतेत, पापडीच्या शेतांशेजारी विसावतो, हे आम्हांस त्या थडग्याच्या पायरीवर बसून पुष्कळ वेळ नवलाचे वाटत राहिले.

परदेशी भाज्यांची कथाही अशीच किनाऱ्याने आलेली. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कूव्ह’वरून आला, ‘नवलकोल’ डचांच्या ‘क्नोलकोल’वरून. कोबी, नवलकोल, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची चार भावंडे. कोणाचे पान वाढले, कोणाचे खोड, कोणाचे फूल. तिघे घरचे होऊन गेले. चौथे तेवढे उंबऱ्याबाहेर उभे आहे.

दुसऱ्या वर्षाविषयी लिहिताना लेखणी अडखळते. पहिल्या वेळी घाई झाली म्हणून या वेळी आम्ही दुसऱ्या टोकास गेलो. मांडवाचे बांबू कुजले होते, ते त्या पावसाळ्यात नवे घातलेच नाहीत. सबंध वाफा ब्रोकोलीस दिला. पापडीला एक वर्ष विश्रांती, बी तर बरणीत आहेच, असा हिशेब. गावातील एका दुकानातून आणलेल्या पाकिटातले बी शिळे निघाले, दहांतून तीनच दाणे उगवले, म्हणून पुन्हा पेरावे लागले आणि नोव्हेंबर सरला. जानेवारीत रोपे लागली. चोवीस रोपे, ओळीत उभी राहिलेली, डोळ्यांना मोठी सुखद वाटत. फेब्रुवारीत त्यांवर मावा पडला. पानांच्या मागे राखाडी, चिकट थर. मावा पडला की राख धुरळावी हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. गॅसच्या घरात राख शोधतो तर कोठे? कोठीत बरणी होती. आम्ही तीतील राख चाळून घेतली, बी पुन्हा बरणीत टाकले, फडके नीट बांधले, आणि ही गोष्ट कोणास सांगण्याजोगी आहे असेही आम्हांस वाटले नाही.

मार्चच्या मध्यास गड्डे धरले. सोमवारी पाहिले तेव्हा लिंबाएवढे होते, चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो तो सारा वाफा पिवळ्या फुलांनी डवरलेला. मधमाश्यांची चंगळ झाली. आम्हांस एकही गड्डा मिळाला नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आईने बरणी उघडली. प्रत्येक दाण्याला सुईने पाडावे तसे गोल भोक होते, आणि फडक्यावर तपकिरी भुंगे चालत होते. राखेमुळे दाण्यांवर किडीची माशी-भुंगा चढत नाही, अंडी घालता येत नाहीत. ती राख आम्ही काढून घेतली होती. आईने दाणे परातीत ओतले, एकेक करून निवडले, रात्रभर पाण्यात भिजत घातले. सकाळी एकही दाणा फुगला नव्हता. ‘‘राख कुठे गेली?’’ एवढेच तिने विचारले. आम्ही सांगितले. त्यानंतर तिने दोन दिवस परसाचे दार उघडले नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाचे गप्प राहणे घरभर ऐकू येते.

बाजारात पापडीचे बी मिळत नाही असे नाही. आम्ही दोन जातींची पाकिटे आणून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उलटून पाहिली व बाजूस सारली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बा आल्या. बा आणि आई यांची मैत्री ही एक स्वतंत्र हकीकत होईल. एक गुजराती बोलते, दुसरी मराठीत उत्तर देते, आणि गेली चाळीस वर्षे दोघींचे अडलेले नाही. बांच्या हातात औषधाची एक रिकामी बाटली होती. पूर आला त्याच्या आधीपासून आई त्यांना दर संक्रांतीनंतर मूठभर बी देत असे, आणि बा त्यांच्या मुलाच्या ओलपाडकडील शेताच्या बांधावर ते लावीत. बाटलीत साठ-सत्तर दाणे होते. ‘‘लो, तमारी ज पापडी,’’ म्हणून त्यांनी ती आईच्या हाती दिली.

त्या पावसाळ्यात आम्ही नवे बांबू आणले, सुतळीने स्वतः बांधले, आणि मांडव वाफ्याच्या पश्चिम कडेस उभा केला. तसे करण्यात काही विद्वत्ता नव्हती. आईने ‘‘तिकडे घाल’’ म्हटले म्हणून घातला. ब्रोकोलीचे नाव घरात काढण्याचे धैर्य आम्हांस नव्हते. ते आईनेच काढले. सप्टेंबरात वेल वरपर्यंत पोहोचला तेव्हा ती म्हणाली, ‘‘इकडची अर्धी जागा मोकळी आहे. तुझी ती भाजी लावायची नाही का?’’

तोवर आमचे थोडे वाचन झाले होते. फ्लॉवर इंग्लंडातून हिंदुस्थानात आला तो १८२२ साली. क्यू येथील बागेतून डॉ. जेम्सन यांनी त्याचे बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले असे नमूद आहे. थंड देशाचे ते रोप गंगेच्या मैदानात आले. ज्या झाडांनी तिथल्या उकाड्यातही गड्डा धरला त्यांचेच बी शेतकरी वर्षानुवर्षे राखीत गेले, आणि पुढे पंचवीस अंशांच्या हवेतही गड्डा देणारे खास देशी फ्लॉवर तयार झाले. म्हणजे आईने बरणीत जे केले तेच शेकडो शेतांतून शंभर-दीडशे वर्षे झाले. ब्रोकोलीस एवढा काळ मिळालेला नाही. आपल्याकडे कुलू खोऱ्यातील कटराईन येथे ‘पुसा ब्रोकोली केटीएस-१’ निघाली, परंतु ती डोंगरी हवेची. अमेरिकेत चार्ल्सटन येथील सरकारी केंद्रात शास्त्रज्ञ मुद्दाम उन्हाळ्यात ब्रोकोली लावून, तीतून तग धरणारी झाडे निवडीत आले आहेत. जपानी साकाटा कंपनीची ‘ग्रीन मॅजिक’ ही संकरित जात ऊन सोसते अशी तिची ख्याती आहे. ऊन सोसणे म्हणजे सुरतेचा मे महिना सोसणे नव्हे, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. चार-पाच अंशांची जास्तीची सवलत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले काम पेरणीची तारीख करते.

आम्ही त्याच जातीचे बी मिळविले आणि सप्टेंबरच्या अखेरीस नारळाच्या भुशात पेरले. गणित असे: पाच आठवड्यांनी, दिवाळीच्या सुमारास, रोपे वाफ्यात, शेंडा वळण्याचा तो नाजूक काळ डिसेंबरात, गड्डे जानेवारीत. सुरतेची जी काय थंडी आहे ती सारी त्या सहा आठवड्यांत बसविली. वाफ्यात गाळाची माती होतीच, तीत दोन पाट्या जुने शेणखत व एक पाटी वाळू मिसळली. आठ-आठ रोपांच्या दोन ओळी. कडेने मोहरी पेरली, कारण कोबीवर्गावर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर अंडी घालणे अधिक पसंत करतो. दर आठवड्यास निंबोळीचा अर्क, तोही संध्याकाळी. खोड पोकळ होऊ नये म्हणून एकदाच, पाण्यातून चिमूटभर टाकणखार. राख नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचे ऊन अजून चटके देत होते. आम्ही हिरवी जाळी विकत घेण्याच्या बेतात होतो, तेव्हा लक्षात आले की तिची गरजच नाही. तीन वाजले की पापडीच्या मांडवाची सावली पहिल्या ओळीवर येई, साडेतीनला दुसरीवर. सकाळचे ऊन रोपांना पुरते मिळे आणि जे मारक ते पापडी आपल्या अंगावर घेई. ज्या मांडवास आम्ही आधी अर्धा आणि मग सबंध उखडला, त्याच्या छायेत ती सोळा रोपे उभी होती. आईस हे ठाऊक होते का, हे आम्ही तिला विचारले नाही. विचारले असते तरी तिने सांगितले नसते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाने बाजूस सारून पाहिले तो मुठीएवढा, घट्ट, निळसर हिरवा गड्डा. दाणे सारखे, जणू बारीक खसखस थापून बसविली आहे. सोळांपैकी चौदा झाडांनी असे गड्डे दिले. एकास कोवळेपणीच अळीने पोखरले होते आणि एक उगाचच पाने देत राहिले. गड्डा कापताना वीतभर दांड्यासह कापावा आणि झाड उपटू नये. बगलेतून लहान लहान तुरे फुटतात. आम्हांस ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळाले. त्यानंतर ऊन चढले आणि उरलेल्या तुऱ्यांनी फुलून निरोप घेतला.

पहिला गड्डा आईने शिजविला. लसूण, हिरवी मिरची, दाण्याचे जाडसर कूट, खानदेशी हाताचे सढळ तेल. पाण्याचा थेंब नाही आणि झाकणही नाही, कारण झाकले की हिरवेपणा जातो हे तिने कोणत्याही भाजीवरून जाणलेले. भाकरीबरोबर ती भाजी उत्तम लागली. ‘ब्रोकोली’ हा शब्द तिच्या तोंडी अजून बसलेला नाही, ती तिला ‘हिरवा फ्लॉवर’ म्हणते. संक्रांतीस आमच्या नातवाने दोन तुरे उंधियोत टाकावयास आणले तेव्हा मात्र आई आणि बा दोघींनी, एकीने मराठीत व दुसरीने गुजरातीत, त्यास पातेल्यापासून हाकलले. उंधियोत गेली ती पापडीच, आणि बांनी पहिली शेंग दाताखाली फोडून मान हलविली तेव्हा ती कतारगामचीच आहे याविषयी घरात कोणास शंका उरली नाही.

या वर्षी पापडीचे बी दोन ठिकाणी आहे, एक बाटली बांकडे आणि बरणी आमच्या कोठीत. बरणीवर आईने स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी चिकटविली आहे: ‘राख घेऊ नये.’